रिकामं ऐकणं

उन्हाळ्यात मशीन जळालं, तेव्हापासून टॉकीजवाल्यांच्या घरात धड भांडण म्हणून झालं नव्हतं. बैठकीत डबे वाजत असायचे तेव्हा साधं मीठ मागायचं तरी आवाज चढवावा लागे, आणि एकदा आवाज चढला की मिठावरून बांधावर जायला कितीसा वेळ लागतो? आता घर शांत होतं. अण्णा सकाळी अंघोळ करून बैठकीत येत, दोन्ही डब्यांकडं बघत आणि मळ्यात निघून जात. मळ्यात त्यांना काही काम नव्हतं. ते तिथं करतात तरी काय, हे बघायला तुळजाबाईंनी एकदा गडी पाठवला. त्यानं येऊन सांगितलं, "काई न्हाई करीत. हिरीपाशी बसत्यात." त्या रात्री तुळजाबाईंनी भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली.

डबे म्हणजे तंबूतल्या सिनेमाचे दोन जुने स्पीकर, आणि मशीन म्हणजे त्यांना आवाज पुरवणारा अँप्लिफायर. कपाटाएवढे उंच, खाली मोठं लाकडी पोट, वर पत्र्याचा रुंद तोंडाचा भोंगा. राधाकिशन अण्णांची तुळजा टुरिंग टॉकीज आष्टीपासून परळीपर्यंतच्या जत्रांमधून फिरली ती या दोघांच्या जिवावर. टॉकीजला नाव देवीचं दिलं होतं. तुळजाबाई मात्र आजतागायत धरून चालल्या होत्या की ते आपलं आहे, आणि अण्णांनी संसारात जी काही शहाणपणाची कामं केली त्यात ही समजूत कधीही दुरुस्त न करणं हे एक होतं. टीव्ही आला, तंबू बसला, खुर्च्या मंगल कार्यालयाला गेल्या. डबे सिरसाळ्याच्या घरी आले आणि बैठकीच्या दोन कोपऱ्यांत उभे राहिले. अण्णा एकाला थोरला म्हणत आणि दुसऱ्याला धाकटा. शिवशंकर आणि पप्पू असे दोन मुलगे असलेल्या घरात ही नावं सोयीची नव्हती. "थोरल्याच्या अंगावर फडकं मारा जरा," असं अण्णा म्हणाले की शिवशंकर वर्तमानपत्रातून डोकं वर काढी.

थोरली सून सत्यशीला लग्न होऊन आली त्या दिवशीच हे डबे घराबाहेर जायला हवेत, असं तिचं मत झालं होतं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि मत एकदा झालं की ते फळ्यावर लिहिल्यासारखं ठेवायची. मुलीला, तेजश्रीला, बघायला आलेल्या लातूरकडच्या पाहुण्यांनी डब्यांकडं बघून "गिरणी घरातच चालवता का?" असं विचारलं, तेव्हापासून तर तिनं कोपऱ्याचं माप घेऊन ठेवलं होतं. तिथं सोफा बसत होता. एल आकाराचा.

तोड गणपतीत निघाली होती. शिवशंकरनंच काढली. त्याचं कृषी सेवा केंद्र होतं. उधारीवाल्यांशी बोलून बोलून त्याला मुदत घालायची सवय लागली होती. "अण्णा, खंडेनवमीपर्यंत नवं मशीन पसंत पडलं तर डबे बैठकीत. न्हाई पडलं तर पप्पूच्या गोडाऊनला. चालंल?"

"चालंल की," अण्णा म्हणाले.

अण्णांनी इतक्या सहज 'चालंल' म्हटलेलं तुळजाबाईंनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्या सत्यशीलेला ओट्यापाशी हळूच म्हणाल्या, "माणूस वाद घालायचा थांबला की मला भ्या वाटतं, बाई."

आज ती खंडेनवमी होती.

गावातला शेतकरी या दिवशी पाभर पुजतो, शिंपी शिलाईमशीन पुजतो; टॉकीजवाले डबे पुजत. सकाळीच दोघांना झेंडूच्या माळा पडल्या, भोंग्यांना हळदकुंकू लागलं. जळालेलं जुनं मशीन, काचेच्या व्हॉल्व्हच्या दिव्यांचं, तेही पाटावर मांडलं होतं. "तसलंच दुसरं बघायचं का?" असं तेजश्रीनं फोनवर विचारलं होतं, तेव्हा अण्णांनी साफ नाही म्हटलं. "कावून? काचा फुटायला? टेम्पो खड्ड्यात आदळला की माझा जीव त्या दिव्यात असायचा. ट्रांझिस्टरवालं बघा. थंड, मुकाट, रोज दवाखाना न लागनारं."

पूजा झाली की एक रीत असायची. तंबूत रोज खेळाआधी असायची, घरी आल्यापासून वर्षातून एकदा. मशीन चालू करायचं, पण लावायचं काहीच नाही. घरातल्यांनी गप बसायचं, पंखे बंद करायचे. मग अण्णा उजवा कान भोंग्याच्या तोंडाशी नेऊन डोळे मिटत. याला ते 'रिकामं ऐकणं' म्हणत. भोंग्यातून काहीही ऐकू आलं, घुरघुर, कुरकुर, काहीही, तर तिकिटाची खिडकी उघडायची नाही. "मशीन गात कसं हाय हे गिऱ्हाईक बघतं," ते म्हणायचे. "गप कसं बसतं हे मालकानं बघायचं." भोंग्याला कान लावायचा हक्क त्यांचा एकट्याचा. मुलांना लहानपणी भोंग्याशी गेल्याबद्दल मार मिळाला होता आणि तो दोघांनाही नीट आठवत होता.

आष्टीहून बंकटमामा आले. तुळजाबाईंचा हा धाकटा भाऊ. त्यांना कुठल्याही विषयावर मत असायचं आणि कुठल्याही पुरणपोळीचा सुगावा लागायचा. आल्या आल्या त्यांनी बैठकीत मांडलेल्या तीन मशिनांची पाहणी केली. एक शिवशंकरनं परळीहून आणलेलं, निळ्या दिव्यांचं, रिमोटवालं. दुसरं धाकट्या पप्पूनं त्याच्या डीजेच्या गाडीतून काढून आणलेलं. ते उचलायला दोन माणसं लागली होती. तिसरं तेजश्रीनं संभाजीनगरहून आणलेलं. ते अजून पुठ्ठ्याच्या खोक्यातच होतं आणि खोकं चपलांचं वाटावं एवढं होतं.

"पप्पू, तुझं किती वॉटचं?"

"चार हजार, मामा."

"आस्सं!" मामांनी त्या मशिनावर घोड्याला थोपटावं तसं थोपटलं. "आन तेजू, तुझं ग?"

"पंचवीस."

"पंचवीस हजार?"

"पंचवीस, मामाआजोबा. नुसते."

मामांनी वाकून खोक्याकडं पाहिलं. मग नातीचा अपमान होऊ नये इतक्या हळू आवाजात, म्हणजे वेशीपर्यंत जाईल अशा, म्हणाले, "पोरी, माझ्या संडासात चाळीसचा दिवा हाय."

सगळे हसले. सत्यशीलाही हसली. तेजश्री हसली नाही. ती तिकडं एका कंपनीत सर्किटच्या पाट्या तपासायचं काम करत होती आणि हे मशीन तिनं तीन आठवडे शोधून, एका हौशी म्हाताऱ्याकडून, त्याच्या घरी ऐकून आणलं होतं.

"ह्या डब्यांना ताकद लागतच नाही, मामाआजोबा. शोकेसमधल्या साध्या स्पीकरला जे बोलायला पन्नास वॉट लागतील ते हे एका वॉटात बोलतात. अण्णांचं जुनं मशीन पंधराचं होतं. त्यावर अख्खा तंबू चालला."

"मंजी थोडं खात्यात आन लई बोलत्यात," तुळजाबाई म्हणाल्या. "तुझ्यावानी न्हाई, बंकट. तू दोनीबी लई करतोस."

"पण त्यात एक घोळ आहे," तेजश्री म्हणाली. "हे डबे कुजबुजसुद्धा मोठ्यानं सांगतात. मशीन आतल्या आत जे काही पुटपुटतं ते सगळं बाहेर येतं. म्हणून मशीन मोठं नको, गप्प पाहिजे."

अण्णा खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी मान हलवली. "बराबर बोलली. हेच तर मी जलमभर बोंबलतोय." आणि ते उठले. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच ते इतक्या चटकन उठले, हे सत्यशीलेनं पाहिलं आणि तिच्या सासूनंही पाहिलं. दोघींनी एकमेकींकडं मात्र पाहिलं नाही.

पहिला मान थोरल्याचा. शिवशंकरनं त्याचं मशीन जोडलं, निळे दिवे लागले. पंखे बंद झाले. अण्णांनी भोंग्याला कान लावला न लावला तोच मागं घेतला.

"घुमतंय. काढ."

"अण्णा, पुरतं ऐका तरी. गॅरंटी हाय दोन वर्षाची."

"दोन वर्ष घुमंल मंजी. काढ."

खरंच घुमत होतं. माठात माशी अडकावी तसा बारीक घूंऽऽ सगळ्यांना कळत होता. शिवशंकरनं वायर काढल्या. तो फारसा दुखावला नाही. दुकानदार माणूस, परतीच्या मालाची त्याला सवय होती.

मग पप्पू पुढं झाला.

पप्पूबद्दल घरात सगळे जपून बोलत. त्यानं डीजे काढला तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले होते, "आपन लोकास्नी ऐकवायचो. तू बुकलतोस." त्यानंतर पप्पूनं जनरेटर घेतला, गाडी घेतली, परळीच्या मिरवणुकीत नाव काढलं, पण अण्णांनी एकदाही त्याच्या मशिनाजवळ येऊन कान लावला नाही. पप्पूला वाजवण्याचे पैसे सगळीकडं मिळायचे. ही एक गोष्ट मिळत नव्हती. आज वायरी जोडताना त्याचे हात दहावीच्या पेपरला बसलेल्या पोरासारखे चालत होते.

त्यानं बटण दाबलं. मशिनाच्या पोटातला पंखा घोंघावला. त्यासाठी त्यानं वायरी लांब ठेवल्या होत्या; त्यानं मशीन शेजारच्या खोलीत सरकवलं आणि दार लोटून घेतलं.

आणि भोंग्यातून आवाज आला. शूऽऽऽ. बारीक, उंच, सलग. स्टोव्ह भडकण्याआधी जसा वाजतो तसा. खुर्चीत बसलेल्या बंकटमामांनाही तो ऐकू गेला. त्यांनी खिडकीकडं बघितलं, बाहेर कुणी नळ उघडा ठेवलाय का म्हणून. पप्पूचा चेहरा पडला.

अण्णांनी कान लावला. डोळे मिटले. बराच वेळ तसेच राहिले. मग धाकट्या डब्यालाही कान लावून आले.

"शांत हाय," ते म्हणाले.

शूऽऽऽ.

"लई शांत हाय बे पप्पू! घुमत न्हाई, कुरकुरत न्हाई. एवढं मोठं धूड, आन काय गप बसलंय! साब्बास."

पप्पूनं भावाकडं पाहिलं. शिवशंकरनं छताकडं. तेजश्रीनं तोंड उघडलं, पण तुळजाबाईंनी पदर सावरल्यासारखं करत तिच्या गुडघ्यावर हात दाबला आणि ते तोंड पुन्हा मिटलं. अण्णा आनंदानं सगळ्यांकडं बघत होते. त्यांच्या पाठीमागं दोन्ही भोंगे एकसुरात फुसफुसत होते आणि ते त्या घरातल्या एकाच माणसाला ऐकू येत नव्हतं.

"मग ठरलं तर!" बंकटमामा म्हणाले. प्रसंगाचं गांभीर्य त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं, आणि त्यावर त्यांच्याकडं एकच उपाय असायचा. "चार हजार वॉट! पंचक्रोशीत इज्जत. पाट मांडा."

"तेजूचं ऱ्हायलंय की," अण्णा म्हणाले.

"त्येचं काय बघायचं? दिव्याएवढं तर हाय."

"नाही बघितलं तरी चालेल, अण्णा," तेजश्री म्हणाली आणि खोकं कोपऱ्यात सरकवलं.

पुरण वाटायला सत्यशीला आत गेली. मागोमाग तुळजाबाई आल्या. ओट्याशी दोघी पाठ करून उभ्या राहिल्या. बैठकीतून तो आवाज इथंही येत होता, कुकर लावल्याचा भास होईल इतपत.

"काई बोलू नगंस," तुळजाबाई म्हणाल्या.

"बाई, हे रोज ऐकायचं?"

"ऐकू की. त्यास्नी शांत वाटतंय ना? मग झालं. डबे ऱ्हायले, मानूस हिरीवरून घरी आला. मला आनिक काय पायजे?"

सत्यशीलेनं पुरण दाबलं. "तुम्हाला कळलं होतं का? त्यांच्या कानाचं?"

"दोन वर्स झाली, पाखरं बोलत न्हाईत म्हनत्यात. मी म्हनलं, औशिद फवारून मेली." तुळजाबाईंनी डोळ्याला पदर लावला नाही, त्या तशा नव्हत्या. "त्यांचा कान मंजी काय हुता, तुला काय सांगू? सहाशे मानसांचा तंबू आन त्यात ह्यांना एक वायर ढिली झालेली ऐकू यायची. त्याच कानावर ही पोरं मोटी झाली. आता त्यास्नी कसं सांगायचं, मालक, तुमची खिडकी बंद झाली म्हनून?"

सत्यशीलेचे हात थांबले. तिला तेजश्री आठवत होती. दीड वर्षाची, गुबगुबीत, एका जागी बसून राहणारी. अख्खं घर म्हणायचं, पोर किती शांत, किती गुणाची. सत्यशीलाही म्हणायची, बाळ रडत नाही याचा तिला अभिमान होता. एक दिवस अण्णांनी पोरीच्या मागं बसून ताटावर चमचा वाजवला, मग टाळी, मग डबा. आणि सुनेला हाक मारून सांगितलं, "सत्यशीला, ही शांत न्हाई. हिला ऐकू येत न्हाई." तिनं रागानं पोर उचलून घेतलं होतं. आठवडाभर सासऱ्याच्या ताटात ती न बोलता भाकरी टाकायची. अण्णा रोज एकच विचारायचे, "अंबाजोगाईला कवा जायचं?" शेवटी तेच तिथल्या दवाखान्यात घेऊन गेले. कानाच्या पडद्यामागं पाणी साचलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. परत आल्यावर अण्णांनी थोरल्या डब्यावर काहीतरी लावलं आणि तेजश्रीनं मान वळवली. ती वळलेली मान सत्यशीला मरेपर्यंत विसरणार नव्हती.

डबे जावेत म्हणून इतकी वर्षं तिनं देव पाण्यात घातले होते. आता तोंड उघडलं तर सगळे म्हणतील, सोफ्यासाठी बोलली. पप्पू म्हणेल, माझ्या तोंडचा घास काढला. आणि गप्प बसणं किती सोपं होतं! सगळं घर तेच करत होतं, तेही प्रेमानं.

तिनं हात धुतले.

"कुटं निघालीस? सत्यशीला! अगं ए!"

बैठकीत अण्णा जुन्या मशिनावरचं कुंकू पुसून नव्या मशिनासाठी वाटी तयार करत होते. सत्यशीला सरळ थोरल्या डब्यापाशी गेली.

"अण्णा, मी एकदा कान लावू?"

शिवशंकर दचकला. भोंग्याशी गेल्याबद्दल गालावर पडलेला मार त्याला आठवला असावा.

अण्णांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "लाव."

तिनं कान लावला. इतक्या जवळून तो आवाज डोक्यात शिरत होता. ती मागं झाली आणि अण्णांच्या समोर, त्यांना तोंड दिसेल अशी उभी राहिली. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "अण्णा, हे शांत नाही."

"आं?"

"शूऽऽ असा आवाज येतोय. स्टोव्हसारखा. दोन्हीतून."

"मला तर..." अण्णा थांबले. "तुला ऐकू येतंय?"

"सगळ्यांना येतंय."

अण्णांनी एकेकाकडं पाहिलं. शिवशंकर वर्तमानपत्राची घडी नीट करायला लागला. बंकटमामांना अचानक झेंडूच्या माळेत काहीतरी दिसलं. पप्पू मात्र बापाकडंच बघत होता.

"हां, अण्णा," तो म्हणाला. "येतोय. लई येतोय."

बैठकीत शूऽऽ शिवाय काही राहिलं नाही, म्हणजे अण्णांच्या दृष्टीनं काहीच राहिलं नाही. ते खुर्चीत बसले. उजव्या कानावर त्यांनी तळहात ठेवला, काढला, ठेवला. दाराशी तुळजाबाई भिंतीला धरून उभ्या होत्या.

"मंजी पाखरं हायत," अण्णा म्हणाले.

"हायत," तुळजाबाई म्हणाल्या. "रोज कालवा करत्यात मेली."

"आन तू म्हनलीस औशिदानं मेली."

"म्हनले."

अण्णांच्या मिशीचं एक टोक हललं. "काय घर हाय बघ, बंकट. मी भैरा, आन बाकीचे समदे मुके. एक मास्तरीन सोडून." ते सत्यशीलेकडं वळले. आवाज जरा बसला होता. "तुला ऱ्हावलं न्हाई?"

"तेजूच्या वेळी तुम्हाला राहवलं नव्हतं."

अण्णांनी तेजश्रीकडं पाहिलं, मग डब्याकडं, आणि मग पुष्कळ वेळ स्वतःच्या हातांकडं. पप्पू उठून मुकाट वायरी काढायला लागला. त्याची पाठच सांगत होती की त्याला बघायचं नाहीये.

"पप्पू," अण्णा म्हणाले.

"हां."

"बारीक आवाज मला येत न्हाई, ते झालं. पन घुमनं येतं. शिवशंकरच्या मशिनाचं आलं का न्हाई? तुझं घुमत न्हाई. एवढ्या मोठ्या मशिनाला न घुमू देनं मंजी वायरिंग कुनीतरी जीव लावून केली. कुनी केली?"

"मीच."

"मग तेवढी साब्बास खरी हाय. ती ठेव."

पप्पूनं वायर गुंडाळता गुंडाळता नाक पुसलं आणि ती वायर पुन्हा उलगडून पुन्हा गुंडाळली.

"तेजू, आन ग तो तुझा संडासातला दिवा."

तेजश्रीनं खोकं उघडलं. आत करड्या रंगाचं एक साधं मशीन होतं. समोर दोन बटणं, मागं पन्हाळीसारख्या पट्ट्या. पंखा नाही. पप्पूच वायरी जोडायला पुढं आला, सगळ्या सोलून, पिळून, घट्ट. बटण दाबलं. अण्णा उठले, सवयीनं भोंग्याकडं दोन पावलं गेले आणि थांबले.

"सूनबाई," ते म्हणाले. "कान लाव."

सत्यशीलेनं कान लावला. काहीच नव्हतं. तिला वाटलं मशीन बंदच आहे. "लाईट गेली का?"

"चालू आहे, आई," तेजश्री म्हणाली. बटणावरचा तांबडा ठिपका जळत होता.

तिनं पुन्हा कान लावला. भोंग्याचं ते रुंद तोंड आणि आत खोल, गार, स्वच्छ काहीच नाही. शाळा सुटल्यावर वर्गात असतं तसं. तिला अंगणातल्या चिमण्या ऐकू आल्या, शेजारची बादली ऐकू आली, सासूचा श्वास ऐकू आला. धाकट्या डब्यालाही तिनं कान लावला. घाई केली नाही. तिला आज पहिल्यांदा कळलं की हा माणूस वर्षानुवर्षं डोळे मिटून काय ऐकत होता.

"शांत आहे," ती म्हणाली.

"बघ हां. तिकीट फाडायचं?"

"फाडा."

तेजश्रीनं फोनवरून सनई लावली. बटण जेमतेम हललं असेल. आणि बैठक भरली. आवाज मोठा नव्हता. त्यावर सहज बोलता आलं असतं. सनईवाल्यानं घेतलेला दमसुद्धा खोलीत बसलेल्या माणसासारखा ऐकू येत होता.

"मला थोडं तोकडं येतंय," अण्णा काही वेळानं म्हणाले. "वरचा काठ न्हाई. पन लई गोड हाय." मग तेजश्रीला, "अंबाजोगाईला कवा जायचं?"

तेजश्रीनं आईकडं पाहिलं. तिला ती गोष्ट आईनं शंभरदा सांगितली होती.

"सोमवारी," ती म्हणाली. "मी रजा वाढवते. मी नेते."

"मी तुला नेलतं तवा तू वाटभर रडलीस. मी न्हाई रडनार."

"बघू," तुळजाबाई म्हणाल्या.

दसऱ्याच्या दिवशी सोनं द्यायला अर्धं गाव येऊन गेलं. जो तो विचारी, नवं मशीन किती वॉटचं. बंकटमामा मुक्कामाला राहिलेच होते, ते परस्पर सांगत, "पंचवीस. पन त्यातला एकच लागतो. बाकीचे चोवीस शिल्लक ऱ्हात्यात." ही सगळी खरेदी आपल्याच सल्ल्यानं झाली अशी त्यांची आता खात्री पटली होती. पप्पूनं चार हजार वॉट गाडीत चढवले आणि जाताना थोरल्या डब्याच्या मागची ढिली पट्टी ठोकून गेला. सोफ्याचं माप लिहिलेला कागद सत्यशीलेनं पुरणपोळीच्या डब्याखाली तेल टिपायला घातला.

संध्याकाळी गर्दी ओसरली. अण्णा खुर्ची सरकवून दोन डब्यांच्या मधोमध बसले, तेजश्रीनं बटण दाबलं, आणि अण्णांनी आत हाक मारली.

"सूनबाई!"

सत्यशीलेचे हात कणकेनं भरले होते. ती तशीच, कोपरं वर धरून आली. शिवशंकरनं न सांगता पंखा बंद केला. तिनं थोरल्याला कान लावला, मग धाकट्याला. डोळे मिटले.

"शांत आहे, अण्णा."

अण्णांनी पुन्हा विचारलं नाही.

"लाव, तेजू," ते म्हणाले.